नोएलीनने निवडलेला रेडिओ

ओपुआ बंदराच्या धक्क्यावर चाळिशी उलटलेला असा पुरुष सापडणं कठीण, ज्याच्या तोंडात नोएलीन प्राउझने कधी ना कधी हात घातला नव्हता. एकतीस वर्षं ती शाळाशाळांतून मुलांचे दात तपासायची. ती मुलं आता टक्कल पडलेले, पोट सुटलेले बोटवाले झाली होती, पण ती समोरून येताना दिसली की नकळत ओठ मिटून घ्यायची. तीही काही कमी नव्हती. "काय रे, उजवीकडची खालची दाढ, अजून गोडावर हात मारतोस ना?" असं भर दुकानात विचारायची. माणसांची नावं विसरायची, दाढा नाही.

अशी ही बाई एकसष्टाव्या वर्षी एका शिडाच्या बोटीपायी, आणि खरं सांगायचं तर त्या बोटीवरच्या एका रेडिओपायी, कशी फसली ते सांगतो. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनीच गप्प बसून तिच्या फसवणुकीला हातभार लावला आहे.

तिचा नवरा गार्थ केरीकेरीच्या दूध कारखान्यात वेल्डर होता. केरीकेरीतल्या घरामागच्या शेडमध्ये त्याने पोलादी बोट बांधायला घेतली तेव्हा लोक हसले. एकोणीस वर्षं ती बोट शेडमध्ये उभी होती. गार्थ जोडत होता हे खरं, पण तो जोडत असताना पत्रा पलीकडून धरून कोण उभं होतं? नोएलीन. गंज खरवडला कोणी? नोएलीनने. शिडं शिवायला दिली, पाण्याच्या टाक्या आतून रंगवल्या, त्या टाकीत गार्थचे खांदे मावत नव्हते म्हणून आत कोण शिरलं? तीच. खाडीबाहेर ती कधी गेली नव्हती. तिला एवढंच हवं होतं, की एकदा तरी सकाळी उठून चारी बाजूंना पाहावं आणि कुठेच जमीन दिसू नये. बोटीचं नाव 'कोटुकू'. मे महिन्यात चक्रीवादळांचा हंगाम सरला की आमच्या बोटी उत्तरेच्या टोंगा बेटांकडे निघतात, तशी या वर्षी 'कोटुकू' निघायची होती. दोघंच जायचे होते.

नाताळात रेडिओचा विषय निघाला. गार्थला उपग्रहाचा फोन हवा होता.

"बटण दाबायचं, बोलायचं. संपलं," तो म्हणाला. "तुझ्या त्या रेडिओला डोलकाठीची तार हवी, तळाला तांब्याची पट्टी हवी, वर परीक्षा द्यायला हवी. कशाला नसती डोकेदुखी?"

"फोनवर एकटा माणूस ऐकतो," नोएलीन म्हणाली. "आणि तो नेमका संडासात असतो. रेडिओवर सगळे ऐकतात. डोलकाठी मोडली तर तुला केरीकेरीतला माणूस हवाय की तीस मैलांवरची बोट?"

गार्थ गप्प बसला. गार्थ गप्प बसला की तो हरला असं ती समजायची. चाळीस वर्षांच्या संसारात हा एक हिशेब तिचा कायम चुकत आला होता.

ती पेटूनच उठली. वही घेऊन धक्क्यावर बोटीबोटीवर फिरली. पुरुषांना काही विचारायचं नाही, ते किती वॅटचा आहे एवढंच सांगतात, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. ती बायकांना विचारायची: ओकाऱ्या होत असताना हा लावता येतो का? चष्मा सापडला नाही तर आकडे दिसतात का? बोटं ओली असली तर बटणं सटकतात का? नवरा झोपलेला असताना तू एकटीने कधी लावलास का? एकीने सांगितलं, आमच्यावर हौशी लोकांचा स्वस्तातला सेट आहे, त्याला चाळीस बटणं आहेत आणि माझ्या नवऱ्यालाही त्यातली सहाच कळतात. दुसरीने तळाची फळी उचलून तांब्याची पट्टी दाखवली, हिरवी पडलेली, आणि म्हणाली, "सेट कितीही भारी घे, ही पट्टी नीट नसली तर तू फक्त स्वतःशीच बोलशील." नोएलीनने सगळं लिहून घेतलं.

जानेवारी सरता सरता गार्थ एका संध्याकाळी अचानक म्हणाला, "तू म्हणतेस तेच बरोबर आहे. रेडिओच घेऊ. तूच निवड. सगळ्यात लांब पोचणारा निवड. अगदी टोंगापासून इथे स्वयंपाकघरापर्यंत पोचला पाहिजे असा."

तिला इतका आनंद झाला, की 'स्वयंपाकघर' हा शब्द तिच्या कानाला लागलाच नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचं म्हणणं बिनतक्रार ऐकलं होतं. त्या रात्रीच्या जेवणाला तिने त्याच्या आवडीचं मटण केलं.

परीक्षेसाठी ती खाडीपलीकडच्या रसेल गावात कोरो हेमीकडे जाऊ लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा, पूर्वी जहाजांवर रेडिओ सांभाळायचा. टेकडीवरच्या आपल्या घरातून तो हंगामभर रोज सकाळी सातला समुद्रावरच्या बोटींची हजेरी घ्यायचा. एकेक नाव पुकारायचं, बोटीने आपण कुठे आहोत, वारा कसा आहे, सगळे ठीक आहेत ना ते सांगायचं. कोरो म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत आजोबा, आणि सारा धक्काच त्याला कोरो म्हणतो. नोएलीन त्याची आजवरची सगळ्यात चांगली शिष्या ठरली. शाळेत कलकलाट करणाऱ्या पोरांत एकतीस वर्षं काढलेली बाई, खरखरीतून नेमका शब्द उचलणं तिला नवं नव्हतं.

"अगं पोरी, तुझा कान देवाने फुरसतीत केलाय," कोरो म्हणायचा.

मार्चमध्ये ती परीक्षा पास झाली आणि तिने सेट निवडला. दिसायला ओबडधोबड, बटणं मोजकी आणि मोठी, अंधारातही बोटांना ओळखू येतील अशी. शक्ती मात्र दांडगी. त्याच सुमारास गार्थने घराच्या धुराड्यापासून मागच्या लिंबाच्या झाडापर्यंत उंच एक तार ताणली. "हे काय?" तिने विचारलं. "पॅशनफ्रूटच्या वेलासाठी. तुला कधीपासून हवा होता ना?" तो म्हणाला. तिने त्याच्या गालाची पापी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तारेखाली दोन रोपं लावली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बोटीच्या सामानाच्या दुकानातून निरोप आला, रेडिओ आलाय. नोएलीन गेली तर दुकानवाल्या शेरिलने दोन खोकी पुढे सरकवली.

"चुकून दोन पाठवलेत बघ," नोएलीन म्हणाली. "एक परत कर."

"चुकून कशाला? गार्थने मार्चमध्येच दोन सांगितलेले. एक बोटीला, एक घराला." शेरिल हसली. "बरंय बाई तुझं, स्वयंपाकघरात बसून टोंगाच्या गप्पा."

नोएलीनही हसली. गाडीत दोन्ही खोकी ठेवली. शेजारी दोन खोकी घेऊन ती गाडी सुरू न करता बसून राहिली. घराला? आम्ही दोघं बोटीवर, मग घरी बोलणार कोण? मूलबाळ नाही, कुत्रं मागच्या वर्षी गेलं. धुराड्यापासून लिंबापर्यंतची तार तिच्या डोळ्यांसमोर आली. वेलाला कोणी एवढ्या उंच तार बांधतं का, आणि तिच्या टोकांना चिनी मातीचे ते पांढरे तुकडे लावतं का? असे तुकडे रेडिओच्या तारेला लावतात, हे ती स्वतः कोरोकडे शिकली होती. रोज त्या तारेखाली ती पाणी घालायला उभी राहायची, आणि मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

ती घरी गेली नाही. पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत बसून सरळ रसेल गाठलं.

"कोरो, गार्थबरोबर कोण जातंय?"

म्हातारा चहा गाळत होता. "सेल्विन, त्याचा तो गायीवाला दोस्त. का? तू किनारा सांभाळणार ना? जानेवारीतच विचारून गेला गार्थ, घरून टोंगापर्यंत कुठला सेट पोचेल म्हणून. मी म्हटलं, सेट कुठलाही चालेल, ऐकणारा भला हवा. तो म्हणाला, ऐकणारी जगात एकच आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि गाळणी तशीच हातात राहिली. "पोरी, तुला माहीत नाही?"

आता इथे आमच्या लोकांची एक समजूत सांगायला हवी. बोटीवर जाणारे पुष्कळ, पण किनाऱ्यावर बसून रोज सातला ऐकणारं माणूस म्हणजे घरातला सगळ्यात भरवशाचा माणूस. निघण्याआधी बोटीची सरकारी तपासणी होते, तिच्या कागदावर त्याचं नाव लिहिलं जातं. हा मान आहे असं आम्ही मानतो. म्हणून गार्थने सांगितलं तेव्हा कोरोला, शेरिलला, मलासुद्धा, सगळ्यांना वाटलं, वा, नोएलीनला काय मान दिलाय! हा मान तिला हवा आहे का, हे विचारावं असं एकालाही सुचलं नाही.

संध्याकाळी गार्थ आला तेव्हा टेबलावर ताट नव्हतं, खोकं होतं.

"हं," तो म्हणाला. "आलं वाटतं."

"सेल्विन कधी ठरला?"

गार्थने टोपी काढली, पुन्हा घातली. "बेरिलच्या अंत्यविधीला. बायको गेल्यापासून तो एकटा पडलाय गं. माझ्या खांद्यावर रडला. मी बोलून गेलो, चल आमच्याबरोबर."

"आमच्याबरोबर म्हणालास. मग माझं नाव कधी कापलंस?"

"तिघांना जागा कुठे आहे? आणि तुझा गुडघा..."

"गुडघा टाकीत शिरताना चालला की! एकोणीस वर्षं चालला!" तिचा आवाज फुटला. "जानेवारीपासून तुला माहीत होतं. मी बोटीबोटीवर फिरत होते, बायकांना विचारत होते, मला ओकाऱ्या झाल्या तर कसं करू म्हणून. तू मला फिरू दिलंस. माझ्याकडूनच मला घरी बसवायचा रेडिओ निवडून घेतलास."

"तुझ्याएवढं कोणाला ऐकू येत नाही, नोएलीन. तू घरी असलीस की मला धीर असतो. सेल्विनला घरी बसवून काय करू? त्याला टीव्हीसुद्धा लावता येत नाही."

"मग त्याला रेडिओ कसा लावता येणार रे?"

 गार्थने खोकं उचलून खिडकीखाली ठेवलं. "तू शिकव त्याला. दोन दिवसांचं काम."

ती त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. माणसाने धडधडीत खोटं बोलावं ते तिला एक वेळ समजलं असतं. हा माणूस खोटं बोललाच नव्हता. फक्त जे सांगायचं ते तिला सोडून सगळ्या गावाला सांगत हिंडला होता.

तिने शिकवलं नाही. तपासणीच्या दिवशी सरकारी तपासनीस बाई बोटीवर आल्या. आग विझवण्याची नळकांडी, जीवरक्षक जाकिटं, सगळं मनासारखं झालं. मग त्या म्हणाल्या, "बोटीवर जाणाऱ्यांपैकी एकाने मला रेडिओ लावून दाखवा." सेल्विन पुढे झाला. भला माणूस, गायींत आयुष्य गेलेलं. त्याने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग सेटला हळूच थोपटलं, जशी अडलेल्या गायीची पाठ थोपटतात तशी. गार्थने करून पाहिलं, तर नुसती खरखर. नोएलीन धक्क्यावर उभी होती, सहा पावलांवर. गार्थने वळून तिच्याकडे पाहिलं. तिने हात कोटाच्या खिशात घातले.

"आठवड्याने परत येते," तपासनीस बाई म्हणाल्या. "शिकून ठेवा. आणि हे किनाऱ्यावरचं नाव, नोएलीन प्राउझ, त्या कुठे आहेत?"

"मी. ते नाव खोडा," नोएलीन म्हणाली. "मला कोणी विचारलेलं नाही."

बाईंनी गार्थकडे पाहिलं, मग शांतपणे नावावर रेघ मारली. गार्थचा चेहरा उतरला. नोएलीनला वाटलं, आता तरी हा म्हणेल, चल, तू चल. ती तिथेच वाट पाहत उभी राहिली. बाकीच्या बोटींवरचे लोक दोर गुंडाळायचं सोंग करत ऐकत होते, त्यांच्यात मीही होतो. गार्थ म्हणाला, "मग कोरोचं नाव घाला."

आणि कोरोने ते घालू दिलं. एवढंच नव्हे, त्या आठवड्यात त्याने सेल्विनला घरी बोलावून रेडिओ शिकवला. ज्या खुर्चीवर नोएलीन बसायची त्याच खुर्चीवर. तिला कळलं तेव्हा ती तडक त्याच्याकडे गेली.

"तुम्हीसुद्धा, कोरो?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "समुद्रावर जाणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, पोरी. मग तो कोणी का असेना."

"आणि जमिनीवर ठेवलेल्याला?"



त्या एका आठवड्याने 'कोटुकू' मागे पडली. बाकीच्या तेवीस बोटी पुढे निघून गेल्या आणि हे दोघे म्हातारे एकटेच त्यांच्या मागून गेले. नोएलीन निरोपाला धक्क्यावर आली नाही. रोज सकाळी सातला गार्थ रेडिओवर आधी घराला हाक मारायचा, तीन वेळा, तिच्या नावाने. कोरो सांगायचा, "घरून उत्तर नाही. मी ऐकतोय, बोला." तेवीस बोटींवर चहा पिता पिता लोक हे ऐकत होते. घरचं खोकं खिडकीखाली बंदच होतं. तिने त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली होती.

सहाव्या दिवशी सकाळी पावणेआठला कोरोचा फोन आला.

"तुझ्या जिवावर येईल, पण ऐक. माझा सेट म्हातारा झालाय. आज मला ते ऐकू येतात, मी त्यांना ऐकू जात नाही. पुढच्या बोटींना तर वादळाच्या खरखरीत काहीच ऐकू येत नाही. सहाच्या सरकारी हवामान-बातमीनंतर नकाशा बदललाय. त्यांच्या वाटेवर कमी दाबाचा पट्टा खोल होतोय आणि हे दोघे शिडं वर काढून सरळ त्याच्या तोंडात चाललेत. सेल्विन आडवा पडलाय, गार्थ एकटाच आहे." म्हातारा दम घ्यायला थांबला. "तुझा सेट पोचेल. तू निवडलेला आहे."

तिने फोन ठेवला.  पुढच्या दोन मिनिटांत तिने काय काय विचार केला ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही, आणि मी ते ओढूनताणून सांगणार नाही. मग तिने इस्त्रीचे कपडे खुर्चीवर फेकले, सुरी घेतली आणि खोकं उभं चिरलं.

बॅटरी गाडीची काढली. अंगणातून तार खिडकीत ओढताना पॅशनफ्रूटचा वेल बराच तुटला. अर्थिंगसाठी तिने नळाच्या तांब्याच्या पाइपाला जोडणी केली. सव्वाआठला सेट सुरू झाला. आधी खरखर, मग खरखरीत खूप आतून गार्थचा आवाज, घसा बसलेला, हाक मारणारा.

"कोटुकू, कोटुकू, मी केरीकेरी. ऐकू येतंय का?"

 गार्थच्या आवाजाने स्वयंपाकघर भरून गेलं. "नोएलीन! अगं, तू शेजारी बसल्यासारखी ऐकू येतेस!"

"लिहून घे," ती म्हणाली. "पुढे जाऊ नकोस. अठ्ठावीस अक्षांशाच्या खाली, दक्षिणेलाच थांब. शिडं उतरव, बोट वाऱ्याला तोंड देऊन तरंगत ठेव, दोन दिवस. काय लिहिलंस ते परत वाच."

त्याने वाचलं. अठ्ठावीसच्या जागी सव्वीस म्हणाला. तिने दुरुस्त करून घेतलं आणि पुन्हा वाचायला लावलं. सेल्विनला पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट पाजायला सांगितलं. दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, अशा दोन वेळा ठरवून दिल्या. आवाज तोच, पोराला 'आ कर' म्हणणारा, न चढणारा, न थरथरणारा. रसेलच्या टेकडीवर कोरो ऐकत होता, आणि तिचा आवाज जिथवर जात होता तिथवर सगळे.

"नोएलीन," शेवटी गार्थ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका झाल्याचं हसू होतं. "मला माहीत होतं तू येशील. सेल्विनला मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, ती रागावेल, चार दिवस बोलणार नाही, पण वेळ आली की रेडिओवर असेल. म्हणून तर मी बिनघोर निघालो. ऐकतेस ना?"

त्याने बटण सोडलं. आता बोलायची पाळी तिची होती. तिने माइक उचलला, बटण दाबलं, आणि किती तरी वेळ समुद्रभर फक्त तिचा श्वास ऐकू गेला.

"बारा वाजता," ती म्हणाली, आणि माइक टेबलावर ठेवला.

मग भर सकाळी, उन्हाने भरलेल्या स्वयंपाकघरात, ती टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. बोट हुकली म्हणून ती रडत नव्हती, ते रडून झालं होतं. ज्याने तिला फसवलं तो माणूस तिला इतकं तंतोतंत ओळखून होता, आणि ती त्याच्या अंदाजाबाहेर एक पाऊलही टाकू शकली नव्हती, हे तिला सोसवेना. साडेअकराला तिने तोंड धुतलं, नवा नकाशा कागदावर उतरवून घेतला आणि पुन्हा सेटपुढे जाऊन बसली.